सप्लायर कोड ऑफ कंडक्टवर सही करावी का? आणि ही आंतरराष्ट्रीय मानकं नक्की कोणासाठी असतात?

प्रेसशॉप
मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचा पत्र्याचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे, साठेक माणसं. माल एका मोठ्या पुरवठादाराकडे जातो आणि तिथून एका परदेशी कंपनीच्या यंत्रात बसतो. त्या कंपनीशी आजवर थेट बोलणंसुद्धा झालेलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र तिच्याकडून ३८ पानी 'सप्लायर कोड ऑफ कंडक्ट' येऊन पडला, सोबत ११२ प्रश्नांची एक्सेल शीट. पंधरा दिवसांत सही-शिक्का मारून परत पाठवा, नाहीतर यादीतून नाव कमी.

पहिल्याच पानावर भारी नावं आहेत: संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं, ओईसीडीची (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) सूत्रं, आयएलओचे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) करार. हे सगळं 'वाचलं, समजलं, पाळतो' असं मी लिहून द्यायचं. खरं सांगतो, यातलं काहीही वाचलेलं नाही.

आणि हा प्रश्न क्र. ४७ बघा: "तुमच्या पुरवठादारांच्या पुरवठादारांकडे कामगारांसाठी तक्रार निवारण यंत्रणा आहे का? पुरावा जोडा." आमचा पुरवठादार म्हणजे पत्र्याचा व्यापारी. त्याचा पुरवठादार म्हणजे अवाढव्य पोलाद कारखाना. त्याच्या गेटवर जाऊन मी पुरावा मागू?

तर दोन प्रश्न. या मानकांमागे कायदा आहे का? आणि सही करू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टाचणी
करा सही आणि विसरून जा. सगळे तेच करतात.

काठावरचा
+१. आमच्याकडे अशा फॉर्मांसाठी खास माणूस नेमलाय. पद 'सस्टेनेबिलिटी मॅनेजर', काम 'होय, होय, होय, लागू नाही'.

कलम_दोन
पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबेल. कंटाळा आला तर सरळ खाली उतरा.

तुमच्या पहिल्या पानावरची नावं कंपन्यांसाठी मुळात 'पाळावं' या वर्गातली, 'पाळलंच पाहिजे' या नव्हे. आयएलओचे करार सरकारांना बांधतात, कंपनीला थेट नाही. ओईसीडीची सूत्रं १९७६ची, आयएलओचा बहुराष्ट्रीय कंपन्यांबद्दलचा जाहीरनामा १९७७चा. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांत कंपन्यांसाठी आचारसंहिता लिहायला घेतली होती. गरीब देशांना कंपन्यांना वेसण घालायची होती, श्रीमंत देशांना आपल्या कंपन्यांची गुंतवणूक सांभाळायची होती. घोळ १९९२ पर्यंत चालला आणि मसुदा गुंडाळला गेला. २००३ मध्ये कंपन्यांवर थेट जबाबदारी टाकणारा नवा मसुदा आला. उद्योगसंघटना बिथरल्या, आणि वर्षभरात मानवाधिकार आयोगाने सांगून टाकलं की या कागदाला कायदेशीर किंमत नाही.

मग २००५ मध्ये जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांकडे काम दिलं. २०११ मध्ये त्यांची ३१ तत्त्वं मानवाधिकार परिषदेने एकमताने स्वीकारली. सरकारने लोकांचं संरक्षण करायचं, कंपनीने हक्कांची पायमल्ली करायची नाही, आणि नुकसान झालंच तर माणसाला दाद मागता आली पाहिजे, असे तीन खांब. एकमत झालं, कारण नवं बंधन कोणावरच नव्हतं. ती त्यांची हुशारी की माघार, यावर अजून भांडणं चालतात. पण 'ड्यू डिलिजन्स' हा शब्द धंद्याच्या नफातोट्यातून उचलून माणसांच्या नफातोट्यावर त्यांनी आणला. आपल्या धंद्यामुळे कोणाला इजा होऊ शकते ते आधी शोधा, थांबवा, आणि काय केलंत ते सांगा. तुमची ११२ प्रश्नांची शीट त्याच शब्दाचं नातवंड आहे.

आता गंमत. फ्रान्सने २०१७ मध्ये याचा कायदा केला. जर्मनीचा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. म्हणजे तिकडच्या मोठ्या कंपनीला हे बंधनकारक झालं आणि तिने ते ईमेलने तुमच्या दारात आणून टाकलं.

प्रेसशॉप
@कलम_दोन, दंडवत! म्हणजे कायदा त्यांच्यावर आणि सही माझी?

कलम_दोन
थोडक्यात, हो.

रोखठोक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कंपनीने कर भरावा, देशाचा कायदा पाळावा, बास. कामगारांचं रक्षण सरकारचं काम. हे परदेशी कोड म्हणजे मागच्या दाराने आणलेली जकात आहे. आपला माल स्वस्त पडतो हे सहन होत नाही, म्हणून कधी पर्यावरण, कधी मानवाधिकार. यांनी स्वतःचे कारखाने उभे केले तेव्हा लहान मुलं खाणीत उतरवली होती, तेव्हा कुठे होती ही मानकं?

अबोल_साक्षी
@रोखठोक, त्यांनी मुलं खाणीत उतरवली हे आपणही उतरवायचं कारण कसं होतं?

रोखठोक
असं मी म्हटलेलं नाही. कृपया शब्द तोंडात घालू नका.

सुईदोरा
मी नऊ वर्षं कपड्यांच्या निर्यात कारखान्यात कम्प्लायन्स (नियम पाळले जातात का ते) बघत होते. ऑडिट म्हणजे काय असतं ते सांगते, म्हणजे 'सही करा आणि विसरा' म्हणणाऱ्यांना विसरतात म्हणजे काय तेही कळेल.

ऑडिटची तारीख आधी कळायची. आदल्या रात्री मागच्या दारापाशी रचलेले खोके ट्रकमध्ये भरून ट्रक बाहेर उभा करायचा. प्रथमोपचाराच्या पेट्या नव्या, आतल्या बँडेजचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. हजेरीची दोन रजिस्टरं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. दाखवायच्या रजिस्टरात रविवार कोरा. बायकांना काय बोलायचं ते पढवून ठेवलेलं.

एका वर्षी एक वयस्कर ऑडिटर बाई आल्या. हजेरी बघितलीच नाही. म्हणाल्या, तुटलेल्या सुयांचं रजिस्टर आणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिवताना सुई तुटली तर सगळे तुकडे शोधून चिकटपट्टीने कागदावर लावावे लागतात, शेजारी तारीख, वेळ, मशीन नंबर. तुकडा कपड्यात राहून कोणाला टोचू नये म्हणून. या रजिस्टरात कोणी कधी खोटं लिहीत नाही, कारण तिथे खोटं लिहायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. बाईंनी पानं उलटली आणि बोट ठेवलं. रविवार, रात्री पावणेदहा, मशीन २३. चिकटपट्टीखाली तीन तुकडे.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. अहवालात ताशेरे आले. आणि आम्ही काय सुधारलं? पुढच्या महिन्यापासून सुयांचंही दुसरं रजिस्टर सुरू झालं.

अजून एक राहिलं. त्याच आठवड्यात त्याच ब्रँडच्या खरेदी विभागाचा मेल होता: भाव कमी करा आणि माल दहा दिवस आधी द्या. आता दहा दिवस आधी माल कुठून येणार होता? रविवारातूनच ना?

काठावरचा
सुयांचं दुसरं रजिस्टर... हसावं की रडावं कळेना.

टाचणी
मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

पाचवा_मजला
@सुईदोरा ताई, त्या मेलच्या दुसऱ्या टोकाला मी बसतो. तुमच्या ब्रँडमध्ये नाही, पण अशाच एका कंपनीत, खरेदी विभागात. आमच्या इमारतीत सस्टेनेबिलिटीवाले दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही पाचव्या. वर्षाअखेरीस मला विचारलं जातं की खर्च किती वाचवलास. पुरवठादाराचं ऑडिट कसं गेलं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. दुसऱ्या मजल्याला आमचे भाव दिसत नाहीत आणि आम्हाला त्यांचे अहवाल दिसत नाहीत. वाईट माणसं कोणीच नाहीत हो. दोन्ही मजल्यांवर सगळे सहापर्यंत मान मोडून काम करतात.

नुसताच_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. शिक्का असूनही काय होतं त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण कराचीचं. अली एंटरप्रायझेस, सप्टेंबर २०१२. आगीत अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारं बंद. आणि जेमतेम काही आठवड्यांपूर्वी या कारखान्याला एसए ८००० हे कामगार-हक्कांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं.

रोखठोक
अर्धवट माहिती. ती आग खंडणीसाठी लावली होती, तिथल्या न्यायालयाने २०२० मध्ये त्यासाठी शिक्षा दिली आहे. ऑडिटर काय गुंडांचंही ऑडिट करणार?

नुसताच_वाचक
मान्य, आग लावलेली होती. पण आग लावणाऱ्याने खिडक्यांना गज नव्हते लावले. लोक धुराने गुदमरले ते बाहेर पडता आलं नाही म्हणून, आणि वाट आहे की नाही एवढंच बघायला तर प्रमाणपत्रवाले येतात. मुख्य गिऱ्हाईक जर्मन कंपनी होती. आयएलओच्या मध्यस्थीने तिने ५० लाख डॉलरांहून जास्त भरपाई कबूल केली. पीडितांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावाही लावला होता, तो २०१९ मध्ये मुदत उलटली म्हणून फेटाळला गेला. चूक होती की नव्हती, इथपर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

अबोल_साक्षी
भोपाळचं तरी वेगळं काय झालं? डिसेंबर १९८४ मध्ये वायू सुटला. दावा अमेरिकेत चालवा म्हणून गेलो, तर १९८६ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी 'भारतातच चालवा' म्हणून परत पाठवलं. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड. फौजदारी निकाल २०१० मध्ये: सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षं. मूळ कंपनीचे अध्यक्ष कधी कोर्टात उभे राहिलेच नाहीत. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका २०२३ मध्ये फेटाळली गेली. अर्ध्याहून थोडे जास्त शेअर मूळ कंपनीचे होते, पण जबाबदारीची वेळ आली तेव्हा कारखाना उपकंपनीचा. नफा वर चढतो, दायित्व खालीच राहतं. @रोखठोक, 'सरकारचं काम' म्हणालात ना, ते सरकारने हे असं केलं.

रोखठोक
भोपाळबद्दल वाद नाही. तिथे सरकार आणि कंपनी दोघंही नापास. माझा मुद्दा वेगळा आहे, ऐच्छिक कागदांनी काही होत नाही. उलट तुम्ही सगळे मलाच पुरावे देताय! नियमगिरी आठवा, ओडिशातला डोंगर, जिथे वेदांता कंपनीला खाण हवी होती. तिच्याविरुद्ध तक्रार ब्रिटनच्या ओईसीडी संपर्क केंद्राकडे (ओईसीडीच्या सूत्रांबद्दलच्या तक्रारी ऐकणारं सरकारी कार्यालय) गेली, २००९ मध्ये त्यांनी कंपनीला दोषही दिला. पुढे काय? खाण थांबली ती आपल्या सर्वोच्च न्यायालयामुळे आणि २०१३ मध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी 'नाही' म्हटल्यामुळे. देशाचा कायदा आणि गावातली माणसं. ओईसीडी नव्हे.

अबोल_साक्षी
हा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. (माझ्याकडून हे वाक्य येईल असं वाटलं नव्हतं.)

कलम_दोन
थोडी भर. त्या निर्णयाने काहीच झालं नाही असं नाही. २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने वेदांताचे शेअर विकले, त्या काळात बरेच गुंतवणूकदार अस्वस्थ झाले होते. पण खाण त्याने थांबली नाही, हे खरं.

त्याच कंपनीची पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. झांबियातल्या तांब्याच्या खाणीच्या सांडपाण्याने नदी आणि शेतं नासली म्हणून १८२६ गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा केला. कंपनी म्हणाली, खाण उपकंपनीची, आमचा काय संबंध? २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दावा इथे चालू शकतो. आणि त्यासाठी आधार कशाचा घेतला? कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या कागदांचा. आमच्या सगळ्या खाणींत पर्यावरणाची मानकं आम्ही ठरवतो, देखरेख आम्ही करतो, असं त्यांत अभिमानाने छापलं होतं. न्यायालयाने म्हटलं, बरं, मग जबाबदारी घेतलीत असं दिसतंय. २०२१ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली. शोभेसाठी छापलेला कागद पुरावा झाला, तो असा.

टाचणी
म्हणजे जास्त लिहिलं तर अडकतो, कमी लिहिलं तर यादीतून जातो.

पाचवा_मजला
आमच्या विधी विभागाला हे उमगलंय. वार्षिक अहवालातली 'आम्ही खात्री करतो' ही वाक्यं हळूहळू 'आम्ही प्रोत्साहन देतो' अशी होत चालली आहेत. :D

झाडंवाला
आमच्या कंपनीने मागच्या वर्षी सीएसआरमध्ये हजार झाडं लावली. मीपण फोटोत आहे.

सुईदोरा
जगली किती?

झाडंवाला
फोटोतली सगळी.

कलम_दोन
विनोद सोडला तर ही गल्लत सर्रास होते म्हणून लिहितो. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ म्हणजे कमावलेल्या नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करा. प्रेसशॉप यांच्याकडे आलेला कागद वेगळी गोष्ट विचारतो: नफा कमावताना कोणाचं काय बिघडवलंत? पहिल्याने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही.

गणिताचा_तास
चर्चा निराशेकडे चाललीय म्हणून दोन उदाहरणं उलट बाजूची.

एक, लाचलुचपत. अमेरिकेने १९७७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं गुन्हा ठरवलं. बाकीचे देश तेव्हा हसत होते. जर्मनीत तर परदेशात दिलेली लाच १९९९ पर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता यायची! १९९७ मध्ये ओईसीडीचा करार झाला, देशोदेशी कायदे आले आणि २००८ मध्ये सीमेन्सला अमेरिका आणि जर्मनीत मिळून १६० कोटी डॉलरांच्या आसपास दंड बसला. हसणं थांबलं. लाच थांबली असं म्हणत नाही, पण ती आता ताळेबंदात उजळ माथ्याने बसत नाही.

दोन, बांगलादेश. राणा प्लाझा, २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपल्या माणसांना घरी ठेवलं, वरच्या शिवणकामगारांना कामावर बोलावलं गेलं. ११००हून अधिक जीव गेले. तिथल्या काही कारखान्यांचं ऑडिट झालेलं होतंच. पण त्यानंतर जो 'अकॉर्ड' झाला त्यात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार होता, दोनशेहून जास्त ब्रँड होते. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांची, अहवाल जाहीर, दुरुस्तीचे पैसे कारखान्याला उभे करता येतील याची जबाबदारी ब्रँडवरही. मोडलात तर लवाद. नुसतं लिहिलं नव्हतं, संघटनांनी खरोखर दोन ब्रँडना लवादापुढे खेचलं आणि त्यातल्या एकाने २०१८ मध्ये २३ लाख डॉलर मोजायचं कबूल केलं.

मला यातला फरक असा वाटतो: एसए ८०००चं ऑडिट कारखाना स्वतः पैसे देऊन करवून घेतो. अकॉर्डमध्ये सही करणाऱ्यांत ब्रँडही होता आणि कामगारही.

सुईदोरा
हेच. आमच्याकडे नऊ वर्षांत किती कोड आले, कामगारांची सही एकावरही नव्हती. भिंतीवर लावलेला असायचा, काचेच्या चौकटीत, इंग्रजीत.

रोखठोक
अकॉर्डबद्दल नीट माहिती नव्हती. वाचतो. पण तो बंधनकारक होता म्हणून चालला, हे माझंच म्हणणं झालं, नाही का?

अबोल_साक्षी
मग बंधनकारक आंतरराष्ट्रीय करारालाही पाठिंबा द्या की. २०१४ मध्ये मानवाधिकार परिषदेत इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेने ठराव आणला. बाजूने २०, विरोधात १४, तटस्थ १३. भारत बाजूने, अमेरिका आणि युरोपीय देश विरोधात. ज्यांच्या कोडमध्ये मानवाधिकार ठळक अक्षरांत, ते विरोधात. तेव्हापासून मसुद्यावर मसुदे चाललेत.

रोखठोक
भारत बाजूने होता? मग मीही बाजूने. ;)

काठावरचा
धागाकर्ते पळून गेले वाटतं.

प्रेसशॉप
आहे, आहे. वाचतोय आणि घाम पुसतोय. मुदत शुक्रवारी संपते. सही करू का, हे कोणीच सांगत नाहीये!

कलम_दोन
चूक आमची. सही करा, पण आहे तशी नको. मुद्द्याचं तेवढं बोलतो (हा वकिली सल्ला नाही, तुमच्या वकिलांना दाखवा).

शेवटच्या पाच पानांत 'इंडेम्निटी' शोधा. 'कोडच्या कोणत्याही भंगामुळे कंपनीला झालेलं सर्व नुकसान पुरवठादार भरून देईल' अशा अर्थाचं कलम असणारच. त्यांच्या देशातला दंड तुमच्या साठ माणसांच्या कारखान्यातून वसूल करायची सोय आहे ती. ते काढायला सांगा, किंवा 'पुरवठादाराच्या स्वतःच्या कारखान्यापुरतं' एवढं तरी घालून घ्या.

'पाळतो' च्या जागी 'पाळण्याचा वाजवी प्रयत्न करतो' लिहा. माहीत नाही तिथे 'माहीत नाही' लिहा. खोटं 'होय' हा उद्या तुमच्याविरुद्धचा कागद आहे, झांबियाची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

आणि त्यांच्या खर्चाने काय होणार ते विचारा. युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशात स्पष्ट आहे की छोट्या पुरवठादाराची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करवली तर खर्च मोठ्या कंपनीने करायचा, आणि कंपनीने स्वतःची खरेदीची पद्धतही तपासायची. त्या निर्देशाची धार नंतर बरीच बोथट केली आणि तारखाही पुढे ढकलल्या. पण पत्रात उल्लेख केला की समोरचा जरा सरळ बसतो.

पाचवा_मजला
आतल्या गोटातून सांगतो, फॉर्म विधी विभागाकडे परत पाठवू नका, तिथे 'टेम्प्लेट बदलता येत नाही' एवढंच उत्तर छापून ठेवलेलं असतं. खरेदीवाल्याला फोन करा. त्याला तुमचा भाग हवा असतो, नवा पुरवठादार मंजूर करून घ्यायला त्याचेच सहा महिने जातात. ती तुमची ताकद आहे, वापरा.

सुईदोरा
आणि मागचं दार तेवढं खरंच मोकळं ठेवा हो, फॉर्म गेला खड्ड्यात. प्रेसवर दोन्ही हातांची बटणं (दोन्ही हात बटणांवर असले की प्रेसखाली सापडत नाहीत) चालू आहेत ना, की उत्पादन वाढवायला एक बांधून ठेवलंय?

प्रेसशॉप
@सुईदोरा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आत जाऊन बघितलं. चार नंबरच्या प्रेसवर एक बटण तारेने दाबून ठेवलेलं होतं. कधीपासून, कोणी सांगेना. तार काढली. ११२ प्रश्नांत हा प्रश्न नाही.

सुईदोरा
नसतोच.

प्रेसशॉप
अपडेट देतो. खरेदीवाल्यांना फोन केला. विधी विभाग खरंच 'टेम्प्लेट' म्हणाला, पण शेवटी एक पानाचं जोडपत्र मान्य झालं: नुकसानभरपाई फक्त आमच्या छताखालच्या गोष्टींपुरती. तपासणीच्या खर्चावर 'बघू'. सही केली. प्रश्न ४७ ला 'माहीत नाही' लिहिलं, कोणी काही बोललं नाही.

आता खरं सांगायची गोष्ट. काल कळलं की आमच्याच ऑफिसातल्या पोराने, फार हुशारी करून, तीच एक्सेल शीट आमचा लोगो लावून आमच्या जॉबवर्कवाल्यांना पाठवून दिली. चार-पाच माणसांचे प्लेटिंगवाले, वेल्डिंगवाले. पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर यादीतून नाव कमी, तेही वाक्य जसंच्या तसं. नुकसानभरपाईचं कलमसुद्धा, आणि जोडपत्राशिवाय.

आज सकाळी प्लेटिंगवाल्यांचा फोन होता. विचारत होते, साहेब, सत्तेचाळीस नंबरला काय लिहू?

काठावरचा
मग काय सांगितलंत?

प्रेसशॉप
शीट फाडा म्हटलं. मग गाडी काढली आणि त्यांच्याकडे जाऊन आलो. आठ वर्षांत पहिल्यांदा आत गेलो. ॲसिडच्या टाक्यांवरचा एक्झॉस्ट पंखा बंद आहे. विचारलं तर म्हणाले, तुमचा भाव वाढला की दुरुस्त करू.

पाचवा_मजला
आता तुम्ही पाचव्या मजल्यावर. या, बसा.

प्रेसशॉप
हिशेब करतोय.